जादूची जुनी पुस्तके हातांनी कशी वाचावीत

इंदूरच्या सराफ्यात रात्री सोन्या-चांदीच्या पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याचा बाजार भरतो. त्या बाजारात दहीवड्याचे एक दुकान असे आहे की तिथे गिऱ्हाईक चवीइतकेच हातांच्या करामतीसाठी उभे राहते. भरलेला द्रोण हवेत उडवून न सांडता झेलला जातो आणि मग एकाच चिमटीत घेतलेले चार-पाच मसाले एकमेकांत न मिसळता एकामागून एक दह्यावर पडतात. हा प्रकार मी कितीतरी वेळा जवळून पाहिला आहे आणि घरी जिरेपूड, तिखट व मीठ घेऊन करूनही पाहिला आहे. दर वेळी माझ्या वाटीत तिन्हींचे मिश्रणच पडले. कोणता मसाला कोणत्या दोन बोटांच्या फटीत बसवायचा, कोणते बोट आधी सैल करायचे आणि मनगट नेमके कधी वळवायचे, हे कोणी चार वाक्यांत लिहून दिले असते, तर निदान सराव कशाचा करायचा एवढे तरी मला समजले असते.

जादूच्या कलेत अशी चार वाक्ये लिहून ठेवलेली आहेत आणि त्यांपैकी काही तर चारशे वर्षांहून जुनी आहेत. आपल्याकडच्या मदाऱ्यांची आणि गारुड्यांची विद्या बापाकडून मुलाकडे तोंडी गेली; ज्या घरात ती जन्मली त्याच घरात ती संपण्याचा धोका कायम राहिला. मी पोटापाण्यासाठी वेगळा व्यवसाय केला आणि गेली तीसेक वर्षे हौसेने हातचलाखीचे प्रयोग करत आलो. माझ्या वाट्याला गुरू आला नाही, पुस्तके आली. ती चुकीच्या पद्धतीने वाचण्यात माझी पहिली पाच-सहा वर्षे वाया गेली, म्हणून हा लेख मुख्यतः वाचण्याच्या पद्धतीविषयी आहे.

ही पुस्तके कोणती

इंग्रजीत हातचलाखीचे सविस्तर वर्णन प्रथम छापले गेले ते १५८४ साली, रेजिनाल्ड स्कॉट यांच्या ‘द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट’ या ग्रंथात. स्कॉट जादूगार नव्हते. चेटकिणी म्हणून बायकांना छळणाऱ्या समाजाला ते सांगू पाहत होते की लोक ज्याला सैतानाची करणी समजतात त्यातले बरेचसे हातांचे आणि साधनांचे काम असते. नाणी, गोळ्या आणि पत्ते यांच्या युक्त्या त्या ओघात आल्या आहेत. चमत्काराची प्रात्यक्षिके करून बुवाबाजीविरुद्ध प्रबोधन करणारे आपल्याकडचे कार्यकर्ते स्कॉट यांचे दूरचे वारसदार म्हणावे लागतील.

पुढचा मोठा टप्पा एकोणिसाव्या शतकातला आहे. फ्रान्सचे रॉबेर-हूदँ मूळचे घड्याळजी. घड्याळे बनवण्यावरची दोन पुस्तके मागितली असता दुकानदाराने चुकून करमणुकीच्या प्रयोगांचे खंड बांधून दिले आणि त्यातून आपण या वाटेला लागलो, असे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात सांगितले आहे. त्यांचे हातचलाखीवरचे पुस्तक १८६८ सालचे. त्यानंतर आठ वर्षांनी, १८७६ मध्ये, ‘प्रोफेसर हॉफमन’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या अँजेलो लुईस या बॅरिस्टरांचे ‘मॉडर्न मॅजिक’ निघाले. वकिलाच्या शिस्तीने, एकही कलम न गाळता, संपूर्ण कला क्रमाने मांडणारे ते पहिले मोठे इंग्रजी पुस्तक असे मी मानतो.

विसाव्या शतकात एर्डनेस यांचे ‘द एक्स्पर्ट अ‍ॅट द कार्ड टेबल’ १९०२ साली शिकागोत प्रसिद्ध झाले. लेखक कोण होता हे अजूनही निश्चित झालेले नाही. एस. डब्ल्यू. एर्डनेस हे नाव उलट वाचले तर ई. एस. अँड्र्यूज होते, एवढ्या धाग्यावर कित्येक संशोधकांनी आयुष्ये घालवली आहेत. प्रस्तावनेत लेखक निर्लज्जपणे सांगतो की आपल्याला पैशांची गरज आहे म्हणून आपण हे लिहीत आहोत. पुस्तकाचा मोठा भाग जुगारातील लबाडीविषयी आणि शेवटचा भाग जादूविषयी आहे, पण पत्ता हातात कसा धरावा याचा इतका काटेकोर विचार त्याआधी कोणी छापला नव्हता. डाय व्हर्नन हे विसाव्या शतकातले थोर पत्तेबाज जादूगार पोरवयात या पुस्तकाला चिकटले आणि म्हातारपणापर्यंत त्यातून नवे काढत राहिले.

याखेरीज मॅस्केलिन आणि डेव्हांट यांचे ‘अवर मॅजिक’ हे १९११ सालचे पुस्तक आहे. कला, सिद्धांत आणि प्रत्यक्ष प्रयोग असे त्याचे तीन भाग आहेत. हार्लन टार्बेल यांचा अभ्यासक्रम १९२० च्या दशकात टपालाने साठ धड्यांच्या रूपात विकला गेला आणि पुढे त्याचे जाड खंड झाले. पत्त्यांसाठी ह्यूगार्ड आणि ब्राउए यांचे ‘द रॉयल रोड टू कार्ड मॅजिक’ आणि नाण्यांसाठी जे. बी. बोबो यांचे १९५२ सालचे ‘मॉडर्न कॉइन मॅजिक’ ही दोन नावे लक्षात ठेवावीत, कारण पुढच्या सूचना बहुतेक याच दोघांभोवती फिरतात.

पहिले पुस्तक एकच घ्यावे

नवशिक्याची पहिली चूक अशी की तो इंटरनेटवरून एका रात्रीत पन्नास पुस्तके उतरवून घेतो. मग प्रत्येकाची दहा पाने वाचून होतात आणि हात होते तिथेच राहतात. म्हणून पहिले वर्षभर एकच पुस्तक ठेवावे. पत्त्यांची आवड असेल तर ‘रॉयल रोड’ घ्यावे. दोरी, रुमाल, नाणी, पत्ते असे सगळेच थोडे थोडे हवे असेल तर टार्बेल यांचा पहिला खंड घ्यावा. एर्डनेसपासून सुरुवात करू नये. ते पुस्तक थोर आहे, परंतु ते शिकवत नाही, मांडते. आधी हाताला काहीतरी येत असलेल्या माणसालाच ते वाचता येते. याउलट ‘रॉयल रोड’मध्ये एका प्रकरणात एक क्रिया आणि लगेच तीच क्रिया वापरून करण्याचे तीन-चार प्रयोग अशी रचना आहे. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच घरच्यांना दाखवण्यासारखे काहीतरी हाती लागते आणि उत्साह टिकतो.

आमच्या खजुरी बाजारात पुस्तकांची दुकाने दाटीने आहेत, पण तिथे शाळेची आणि स्पर्धा परीक्षांचीच पुस्तके जास्त. मी तिथे बरीच वर्षे धुंडाळले तेव्हा एकदा वाळवीने पोखरलेला, मागची तीसेक पाने नसलेला हॉफमन मिळाला होता. आता तेवढी पायपीट करण्याचे कारण नाही. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या लेखनावर स्वामित्वहक्क असतो, म्हणून हॉफमन आणि स्कॉट यांची पुस्तके केव्हाच मुक्त झाली आहेत, आणि निनावी लेखनाची मुदत प्रकाशनापासून मोजली जात असल्याने एर्डनेसही मुक्त आहे. ती संगणकावरून उतरवून छापून घेण्यास हरकत नाही. बोबो यांचे आणि हयात लेखकांचे पुस्तक मात्र विकतच घ्यावे. जादूगारांच्या जगात युक्ती हीच मालमत्ता असते आणि तिची फुकट प्रत गटागटांत फिरवणे ही चोरीच आहे.

छापील प्रत झेरॉक्सच्या दुकानातून स्पायरल बाइंडिंग करून आणावी. ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण वाचताना दोन्ही हातांत पत्ते असतात आणि पुस्तक आपोआप मिटते, हा त्रास जाड विकतच्या प्रतीने मला कित्येक वर्षे दिला. विकतची प्रत असेल तर पोथीवाचनासाठी वापरतात तशी घडीची लाकडी चौकट घ्यावी आणि वर कपड्यांना लावायचे दोन चिमटे लावावेत.

साहित्य, आणि आजीचा रुपया

पुस्तकातील मापे लेखकाच्या देशातील वस्तूंची असतात आणि इथेच बहुतेक वाचक नकळत फसतात. पत्त्यांचा पोकर कॅट सुमारे ६३ मिलिमीटर रुंद आणि ८८ मिलिमीटर लांब असतो, तर ब्रिजचा कॅट लांबीला तेवढाच पण रुंदीला ५७ मिलिमीटर असतो. पुस्तकातील चित्रात लेखकाची बोटे पत्त्याच्या कडेवर जिथे दिसतात तिथे ती अरुंद कॅटवर येत नाहीत. याचा अर्थ आपला हात वाईट आहे असा नसून कॅट वेगळा आहे असा असतो. तळहातात पत्ता लपवण्याचे काम लहान हातांना अरुंद कॅटवर सोपे जाते, म्हणून तरुण वाचकांनी बिनदिक्कत तोच वापरावा. पूर्ण प्लॅस्टिकचे पत्ते मात्र सुरुवातीला टाळावेत, कारण ते एकमेकांवरून पाण्यासारखे घसरतात.

नाण्यांची गोष्ट अधिक गमतीची आहे. बोबो यांनी ज्या नाण्याला डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहे तो अमेरिकेचा अर्धा डॉलर ३०.६ मिलिमीटर व्यासाचा आणि त्या काळी साडेबारा ग्रॅम वजनाचा चांदीचा असे. आपले हल्लीचे एक रुपयाचे नाणे २० ते २२ मिलिमीटरचे आहे. ते तळहाताच्या मांसल भागांत पकडायला गेले की घरंगळून खाली पडते. मी दोन वर्षे याच नाण्याशी झगडलो आणि माझ्या तळव्यातच दोष आहे असे समजत राहिलो. मग एका दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात आजीचा चांदीचा बंदा रुपया दिसला, तो सहज तळहातावर ठेवून हात उलटा केला आणि तो पडला नाही. इंग्रजी अमदानीतील तो रुपया सुमारे साडेतीस मिलिमीटर व्यासाचा आणि ११.६६ ग्रॅमचा असतो. म्हणजे बोबो यांच्या अर्ध्या डॉलरचा जवळजवळ जुळा भाऊ. त्याच्या कडेला बारीक दातेही असतात आणि त्या दात्यांवरच तळहाताची पकड बसते.

असे रुपये सराफ्यात मिळतात, परंतु चांदीच्या भावाने. घरात असतील तर वडिलधाऱ्यांची परवानगी घेऊन दोन वापरावेत. देवाजवळचा रुपया गादीवर बसून वापरावा, फरशीवर नव्हे. लक्ष्मी-गणपतीचे छाप असलेली नवी चांदीची नाणी चालतात, पण त्यांपैकी अनेकांची कड गुळगुळीत असते, ती हात लावून पाहावी. ते परवडत नसेल तर दहा रुपयांचे दोन धातूंचे नाणे २७ मिलिमीटरचे आहे. बोटांच्या मुळाशी लपवण्याच्या क्रियांना ते उत्तम चालते.

याशिवाय एक आरसा, कॅट टाकण्यासाठी टेबलावर अंथरलेले जाड फेल्ट किंवा जुनी घोंगडी, आणि एक दोनशे पानी वही एवढे पुरे. सुरुवातीला विकतची यंत्रे, दुहेरी तळाचे डबे वगैरे काही घेऊ नये.

एक परिच्छेद हातांनी वाचणे

आता मुख्य गोष्ट. जादूच्या पुस्तकातला परिच्छेद कादंबरीसारखा वाचून काहीच कळत नाही. पाककृतीसारखा वाचूनही फार कळत नाही, कारण पाककृतीत हाताची जागा सांगावी लागत नाही. तो तीन फेऱ्यांत वाचावा.

पहिल्या फेरीत हात रिकामे ठेवून फक्त एवढे शोधावे की प्रेक्षकाला काय दिसले पाहिजे. जुने लेखक बहुधा हे परिच्छेदाच्या आरंभी एका वाक्यात सांगतात आणि घाईचा वाचक नेमके तेच वाक्य ओलांडून पुढे जातो. ते वाक्य वहीत मराठीत लिहून काढावे. उदाहरणार्थ: ‘उजव्या हातातला रुपया डाव्या हातात ठेवला आणि डावी मूठ मिटली.’ प्रेक्षकाला दिसायचे ते इतकेच, आणि सर्व कसरत याच साध्या वाक्यासाठी आहे.

दुसऱ्या फेरीत बोटांचा हिशेब जुळवावा. इंग्रजी पुस्तकांत अंगठा मोजत नाहीत. तिथे पहिले बोट म्हणजे तर्जनी, दुसरे मध्यमा, तिसरे अनामिका आणि चौथे करंगळी. आपण अंगठ्यापासून मोजत गेलो की तिसऱ्या बोटाच्या जागी मध्यमा येते आणि सगळी क्रिया एका बोटाने सरकते. मराठीत प्रत्येक बोटाला स्वतःचे नाव आहे ही या कामात फार मोठी सोय आहे, म्हणून पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने अं, त, म, अ, क अशी अक्षरे घालत जावीत. डावखुऱ्या वाचकाने उजवे-डावे बदलून सगळे वाक्य पुन्हा लिहून घ्यावे. डोक्यात उलटे करत वाचण्याचा प्रयत्न करू नये.

तिसऱ्या फेरीत वस्तू हातात घ्यावी आणि एका वेळी एकच वाक्य, तेही पूर्णविरामापर्यंत, करून थांबावे. इथे माझी एक युक्ती अशी की मी परिच्छेद स्वतःच्या आवाजात, मराठीत, प्रत्येक वाक्यानंतर दहा सेकंद थांबून फोनवर ध्वनिमुद्रित करतो आणि मग डोळे हातांवर ठेवून ऐकत करत जातो.

वर सांगितलेल्या रुपयाच्या क्रियेवर हे करून पाहू. ती शंभर वर्षांहून अधिक काळ छापली जात आहे, त्यामुळे इथे सांगण्यात विश्वासघात नाही. रुपया उजव्या हाताच्या मध्यमा आणि अनामिकेच्या मुळाशी ठेवावा आणि ती दोन बोटे किंचित, पेला धरल्यासारखी, वळवावीत. डावा तळहात पुढे वर तोंड करून न्यावा. उजवा हात त्यावर आणून आतल्या बाजूला पालथा करावा. रुपया त्या दोन बोटांच्या वळणात अडकून राहतो आणि खाली पडत नाही. ज्या क्षणी उजवी बोटे डाव्या तळहाताला स्पर्श करतील त्या क्षणी डावी मूठ मिटावी आणि डोळ्यांनी त्या मुठीबरोबरच जावे. उजवा हात सैल, अर्धवट मिटलेला, बाजूला खाली यावा.

हे वर्णन पाच ओळींचे झाले आणि ते जमायला मला चार महिने लागले. पुस्तक त्यापुढे आणखी एक वाक्य सांगते आणि मोल खरे तर त्याचेच आहे: आधी रुपया दहा-वीस वेळा खरोखर डाव्या हातात ठेवून बघा आणि हात कसे चालतात ते आरशात पाहा. खरे ठेवताना उजवा हात काम संपताच आळसावतो, नजर सहज पुढे जाते, खांदा खाली येतो. खोटे ठेवताना मात्र नवशिक्याचा उजवा हात काठीसारखा ताठ होतो. व्हिडिओत ही क्रिया पाहणारा दुसऱ्याच्या हाताची नक्कल करतो. वर्णन वाचणाऱ्याला आपलाच हात खरे काम कसे करतो ते पाहावे लागते आणि मग तो स्वतःची नक्कल करतो. म्हणूनच एकाच पुस्तकातून शिकलेल्या दहा जणांचे हात दहा प्रकारचे दिसतात, तर एकाच व्हिडिओवरून शिकलेली दहा मुले डावी भुवईसुद्धा त्याच ठिकाणी उडवतात.

पत्त्यांचे एक उदाहरण घेऊ. एर्डनेस यांनी पिसण्याची स्वतंत्र परिभाषा केली आहे. ‘रन’ म्हणजे एकेक पत्ता खाली सोडणे, ‘इन-जॉग’ म्हणजे एक पत्ता आपल्या अंगाकडे जरा बाहेर राहू देणे, ‘थ्रो’ म्हणजे उरलेला गठ्ठा एकदम टाकणे. हे तीन शब्द वहीत आले की सबंध पानभर पसरलेली क्रिया दोन ओळींत मावते: खालचा अर्धा गठ्ठा काढून घ्या, एक पत्ता रन करून तो पाच-सहा मिलिमीटर इन-जॉग ठेवा, उरलेले वेडेवाकडे पिसून टाका, मग जॉग केलेल्या पत्त्याच्या खालचा सगळा गठ्ठा उचलून वर थ्रो करा. सुरुवातीला वर असलेला बदामाचा एक्का पुन्हा वर आलेला असेल. तो आला नाही तर कारण बहुधा एकच असते: जॉग केलेल्या पत्त्यावरचे पत्ते वाचक फार नीटनेटके टाकतो. गबाळेपणा हाच इथे आडोसा आहे.

याच संदर्भात ‘रॉयल रोड’मध्ये ‘हिंदू शफल’ असे एक स्वतंत्र प्रकरण आहे. ते उघडले तेव्हा मला हसू आले, कारण वरून थोडे थोडे पत्ते ओढून खालच्या हातात सोडण्याची ती पद्धत म्हणजे आमच्या घरी झब्बू आणि मेंढीकोट खेळताना सगळे पिसतात तीच. पाश्चात्त्य वाचकाला हे प्रकरण नव्याने शिकावे लागते, आपल्याला ते आधीच येत असते. तेव्हा मराठी वाचकाने पुस्तकाचा क्रम मोडून हे प्रकरण लवकर घ्यावे. शिवाय दोन गठ्ठ्यांचे कोपरे फरफर एकमेकांत घालून पिसणारा माणूस आपल्या बैठकीत पट्टीचा जुगारी वाटतो आणि प्रयोगाआधीच लोक सावध होतात.

वही

प्रत्येक क्रियेला वहीची दोन पाने द्यावीत. डाव्या पानावर पुस्तक काय म्हणते ते आपल्या मराठीत, उजव्या पानावर आपल्या हाताने काय केले ते, तारखेसह. डावे पान एकदा लिहून संपते, उजवे भरत राहते. सराव रोज वीस मिनिटे पुरतो, पण त्यातली पहिली पाच मिनिटे उजवे पान वाचण्यासाठी ठेवावीत. नाहीतर आपण कालचीच चूक आज जास्त सफाईने करतो.

बोलणे आपले असावे

जुन्या पुस्तकांत प्रयोगाबरोबर बोलायचे संवादही दिलेले असतात. ते शिकण्यासाठी वाचावेत आणि वापरण्यासाठी नाही. हॉफमन यांचा जादूगार लंडनच्या दिवाणखान्यात टेलकोट घालून उभा आहे. त्याचे विनोद इंदूरच्या रामबागेतल्या गच्चीवर हसू आणणार नाहीत. संवाद कोणत्या ठिकाणी आहे एवढे मात्र बारकाईने पाहावे, कारण लेखकाने प्रश्न बहुधा तिथेच घातलेला असतो जिथे हाताला अर्ध्या सेकंदाची सवड हवी असते. त्या जागी आपला प्रश्न घालावा. मी रुपयाच्या प्रयोगात विचारतो, ‘आजीच्या देव्हाऱ्यातला रुपया कोणी कधी उचललाय का?’ प्रत्येक जण हसून शेजाऱ्याकडे बघतो, आणि मला तेवढे पुरते. इंदुरात निम्मे प्रेक्षक मराठी व निम्मे हिंदी असतात, तेव्हा हेच वाक्य दोन्ही भाषांत तयार ठेवावे; आयत्या वेळी मनात भाषांतर करताना हात थांबतो आणि युक्ती उघडी पडते.

हॉफमन यांचे दोन नियम मात्र जसेच्या तसे घ्यावेत: आपण काय करणार हे आधी सांगू नये आणि एकाच बैठकीत तोच प्रयोग दुसऱ्यांदा करू नये, कितीही आग्रह झाला तरी.

काय वगळावे

जुने ते सगळे सोने नाही. पाण्याची शाई आणि शाईचे पाणी करण्याच्या जुन्या प्रयोगांत ऑक्झॅलिक आम्लासारखी विषारी द्रव्ये सांगितलेली असतात. मुलांच्या कार्यक्रमात ती बाटली टेबलावर असणेही धोक्याचे आहे. सशांचे आणि पक्ष्यांचे प्रयोग सोडून द्यावेत; प्रयोगात प्राणी वापरायचे तर २००१ च्या नियमांनुसार नोंदणी लागते आणि पोपटासारखे देशी पक्षी बाळगणे तर वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे. परक्या वंशांची खिल्ली उडवणारे संवाद काही पुस्तकांत आहेत, ते वाचून पुढे जावे. कोटाच्या शेपटीतले गुप्त खिसे आणि टेबलामागची लपलेली फळी यांची प्रकरणे मात्र गाळू नयेत: टेलकोट गेला तरी वस्तू टाकून देण्याची जागा कुठे असावी हा प्रश्न झब्ब्याच्या खिशालाही लागू आहे.

प्रेक्षकांपुढे, आणि पुन्हा पुस्तकाकडे

घरच्या तीन माणसांना दहा वेळा दाखवल्याखेरीज बाहेर दाखवू नये. माझी फजिती याच नियमाच्या उल्लंघनातून झाली. आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवात मला पंधरा मिनिटे मिळाली होती. रुपया डाव्या हातात ‘ठेवून’ मी मूठ पुढे केली, फुंकर घालणार एवढ्यात सतरंजीवर अगदी पुढे बसलेली सहा-सात वर्षांची मुलगी म्हणाली, ‘काका, तो त्या हातात आहे, मला दिसतोय.’ आरशात ही क्रिया मी शेकडो वेळा तपासली होती, पण आरसा माझ्या छातीच्या उंचीवर होता आणि ती मुलगी ओट्याखाली, माझ्या हाताच्या खालून पाहत होती. घरी येऊन बोबो उघडला. प्रेक्षक कुठून पाहतो याचा विचार करायला सांगणारी सूचना तिथे होती. मी तिच्याखाली रेघही मारलेली होती.

तेव्हापासून प्रयोगाच्या आदल्या दिवशी मी जागा बघून येतो आणि प्रेक्षक खुर्च्यांवर असतील की सतरंजीवर हे विचारतो. सतरंजी असेल तर आरसा जमिनीवर ठेवून सराव करतो आणि उजव्या हाताची पाठ खालच्या बाजूला राहील अशी क्रिया निवडतो, किंवा सरळ पत्त्यांचे प्रयोग घेतो.

पुस्तक संपल्यावर दुसरे विकत घेण्याआधी तेच पहिल्यापासून, वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने वाचावे. पहिल्या वेळी ज्या वाक्यांखाली रेघ मारली होती त्यांपैकी बरीच आता उघड वाटतील आणि ज्यांवरून डोळे घसरून गेले होते तीच थांबवतील. हे वाचन झाले की मग पत्त्यांवाल्याने एर्डनेस घ्यावा, नाण्यांवाल्याने बोबो पुढे न्यावा, आणि ज्याला मंचावर उभे राहायचे आहे त्याने ‘अवर मॅजिक’ किंवा डॅरिएल फिट्झकी यांची १९४३ ते १९४५ या काळातली तीन पुस्तके वाचावीत. सादरीकरण, प्रयोगांची रचना आणि प्रेक्षकाचे लक्ष वळवणे असे त्यांचे विषय आहेत. माझ्या बोबोच्या प्रतीत रुपया बोटांच्या मुळाशी धरण्याच्या पानावर आता चार रंग आहेत. चौथा हिरवा आहे, आणि समासात लिहिले आहे: ‘खालून बघा.’